पेटीतलं विमान

नीळकंठ सप्रे मॉडेल विमानं बांधण्याच्या छंदावर तासभर न थांबता बोलू शकत. बाल्सा नावाचं ते कापसासारखं हलकं लाकूड कोणत्या अंगाने कापावं, पंखावर पातळ कागद चढवताना पाण्याचा फवारा किती मारावा, त्यावर उग्र वासाच्या लेपाचे हात किती द्यावेत, या सगळ्यावर त्यांची मतं ठाम होती आणि ती ते कोणी विचारण्याची वाट न बघता सांगत. भोपाळच्या त्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये मॉडेल विमानांचा क्लब निघाला तेव्हापासून ते त्याचे सभासद, आणि गेली कित्येक वर्षं अध्यक्ष. एवढ्या काळात त्यांनी स्वतः बांधलेल्या विमानांची संख्या शून्य होती. पण हा तपशील त्यांना कोणी कधी विचारला नव्हता, आणि आपण होऊन सांगण्याइतके सप्रे उथळ नव्हते.

विमानं मात्र त्यांच्याकडे होती. इंद्रपुरीतल्या घराच्या मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट भरून किटच्या पेट्या रचून ठेवलेल्या होत्या. प्रत्येक पेटीवर निळ्या आभाळात झेपावणाऱ्या विमानाचं रंगीत चित्र, आणि आत लाकडाच्या फळ्या, कापलेले भाग, गुंडाळलेला नकाशा. नोकरीत असताना सप्रे दौऱ्यावर जात आणि येताना बाकीचे लोक बायकोला साडी आणतात तशी एक पेटी घेऊन येत. "रिटायर झालो की बांधतो," असं ते बायकोला, मनोरमाबाईंना, सांगत. रिटायर झाल्यावर "जरा स्थिरस्थावर झालो की" सुरू झालं. त्यालाही बरीच वर्षं लोटली होती. आता गृहस्थ इतके स्थिर झाले होते की दुपारी चहाला हलवून उठवावं लागे.

क्लबातले जुने सभासद तीनच उरले होते. सप्र्यांखेरीज एक शांताराम पोतनीस, मूळचे इंदूरचे, कारखान्याच्या स्टोअर्समधून निवृत्त झालेले. दुसरे सुधाकर भागवत, इन्स्पेक्शनमधले. सप्रे स्वतः प्लॅनिंगचे. म्हणजे वस्तू कधी बनवायची ते ठरवणारा, तिचे भाग मोजून ठेवणारा आणि बनल्यावर तिच्यात खोट काढणारा, असे तिघेही हजर होते. ती बनवणारा तेवढा कोणी नव्हता, आणि तिघांनाही आयुष्यभर त्याची सवय होती.

दर रविवारी सकाळी सप्र्यांकडे पेटी-दर्शनाचा कार्यक्रम असे. पोतनीस आणि भागवत आपापली एकेक पेटी काखोटीला मारून येत. तिघे हात धूत. जेवणाच्या टेबलावर स्वच्छ चादर अंथरली जाई, तिन्ही पेट्या उघडल्या जात, आणि डोळे मिटून लाकडाचा वास घेतला जाई. मग नकाशा उलगडून त्याच्या चार कोपऱ्यांवर स्टीलच्या वाट्या ठेवायच्या. मग सगळे भाग चादरीवर काढायचे आणि पोतनिसांनी ते मोजायचे. स्टोअर्समधला माणूस, त्याला मोजल्याशिवाय चैन पडत नसे. एवढ्या पंखाच्या बरगड्या, एवढ्या पट्ट्या, एवढे शेपटीचे तुकडे. आकडा जुळला की भागवत "ओके" म्हणत, आणि भाग पुन्हा पेटीत जात. तोवर मनोरमाबाई पोहे आणत. शेव आणि जिरावन मसाला घातलेले ते पोहे खाताना तिघांचं एकमत होई की हल्लीच्या मुलांमध्ये बांधण्याची चिकाटीच राहिलेली नाही.

"सगळं आयतं पाहिजे," पोतनीस म्हणत. "बॉक्स खोला, पंख लावा, उडवा. अरे भैया, याला काय शौक म्हणतात?"

"थर्माकोल," भागवत म्हणत. त्यांना पूर्ण वाक्याची गरज वाटत नसे.

तिसरी प्लेट संपेपर्यंत देशाचंही काही खरं राहिलेलं नसे.

थर्माकोलची ती आयती विमानं घेऊन येणारी तरुण मंडळी क्लबात बरीच होती. किंबहुना क्लब त्यांच्यामुळेच चालू होता. टाउनशिपच्या मोठ्या मैदानावर रविवारी संध्याकाळी ती दहा-बारा जणं जमत, रिमोट हातात घेऊन आपली विमानं भिरभिरवत, पडली तर चिकटपट्टी लावून पुन्हा उडवत, आणि फार हसत. सप्र्यांना त्या हसण्याचाच विशेष राग येई. क्लबाच्या नियमावलीतला सातवा नियम स्पष्ट होता: जो उडवेल, विमान त्याने स्वतः बांधलेलं असावं. पण बांधणारं कोणी राहिलं नाही तेव्हा कमिटीने या मंडळींना एका वर्षापुरती तात्पुरती मुभा दिली होती. पुढे दरवर्षी ती मुभा आणखी एका वर्षाने वाढत गेली. कारखान्यात उमेदीची वर्षं गेलेल्या लोकांना तात्पुरत्या गोष्टी किती टिकाऊ असतात हे वेगळं सांगावं लागत नाही.

त्या साली वार्षिक सभेत उदय काळे नावाच्या मुलाने हात वर केला. मुलगा कसला, कारखान्यात इंजिनिअर होता, लग्न झालेलं होतं. पण टाउनशिपमध्ये निवृत्त माणसांच्या लेखी नोकरीतला प्रत्येक जण मुलगाच असतो.

"काका, एक प्रपोजल आहे," उदय म्हणाला. "सातवा नियम काढूनच टाकू या ना. म्हणजे, दरवर्षी ती एक्स्टेंशनची नाटकं कशाला? वैसे भी कोणी बांधत नाही."

सप्रे उभे राहिले. या क्षणासाठीच आपण अध्यक्ष झालो होतो असं त्यांना वाटलं. ते बोलले आणि चांगलं बोलले. बांधल्याशिवाय उडवणं म्हणजे काय, हाताला फोड आल्याशिवाय विमान आपलं कसं होत नाही, पंखाची एकेक बरगडी चिकटवताना माणूस कसा घडतो, हे सगळं त्यांनी सांगितलं. पोतनिसांनी मान डोलावली. भागवत दोनदा "करेक्ट" म्हणाले. शेवटी सप्र्यांनी जाहीर केलं की नियम काढायचा तर सोडाच, आता ती मुभाच बंद झाली पाहिजे.

मग उदय अगदी साधेपणाने, त्यात कुठेही खवचटपणा नव्हता, म्हणाला, "काका, तुम्ही बांधलेलं एखादं विमान आम्हाला दाखवा ना. आम्ही कधी बघितलंच नाही."

सप्र्यांनी पोतनिसांकडे पाहिलं. पोतनीस छताकडे पाहत होते.

"वर्धापन दिनाला बघाल," सप्रे म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांना कळलं की आपण बोललो.

"डन," उदय म्हणाला. "ते उडलं तर आम्ही मुभा मागणार नाही. नियम राहील. नाही उडलं तर नियम जाईल. ठीक आहे ना, सगळ्यांना?"

सगळ्यांना ठीक होतं. सप्र्यांना घरी येईपर्यंत घाम फुटला होता. नियम गेला तर आपल्याकडे उरतं काय, हा प्रश्न त्यांना रस्ताभर सतावत राहिला. एक लोखंडी कपाट उरत होतं आणि चाळीस वर्षांची बडबड. माणसं आपल्याला बांधणारा म्हणून ओळखतात, तेवढी एक ओळख होती, आणि तीही उधारीची. हे त्यांनी मनोरमाबाईंना मात्र सांगितलं नाही. त्यांना फक्त एवढंच सांगितलं की मागची खोली आता काही दिवस वर्कशॉप म्हणून लागेल.

"म्हणजे स्थिरस्थावर झालात वाटतं," मनोरमाबाई म्हणाल्या.

सप्र्यांनी सुरुवात मोठ्या पद्धतशीरपणे केली. आधी त्यांनी कामाचा तक्ता आखला. कोणता भाग कोणत्या आठवड्यात, कशानंतर काय, उशीर झाला तर तो कुठे भरून काढायचा, असं सगळं रंगीत पेन्सिलींनी. तक्ता इतका सुरेख झाला की तो भिंतीवर लावून ते दोन दिवस नुसते बघत बसले. मग त्यांना रंग बदलावेसे वाटले, म्हणून दुसरा तक्ता केला. मग हत्यारांची जमवाजमव झाली. न्यू मार्केटमधलं जे एक दुकान पूर्वी असला माल ठेवायचं ते आता मोबाईलची कव्हरं विकत होतं. दुकानदाराने बाल्सा म्हणजे काय हे विचारलं आणि सप्र्यांनी त्याला सांगितलं. तो पुढे अर्धा तास सुटला नाही. वर्धापन दिन जवळ येत चालला होता आणि काम अगदी वेळेवर चाललं होतं, कारण अजून कामच सुरू झालेलं नव्हतं.

शेवटी एके दिवशी त्यांनी 'गरुड' उघडलं. कपाटातल्या सगळ्या पेट्यांत ही त्यांची लाडकी. गरुड हे बिनइंजिनचं ग्लायडर होतं, माणसाच्या दोन हातांएवढ्या पंखांचं. ते दोरीला लावून पतंगासारखं वर ओढायचं, उंच गेलं की दोरी आपोआप सुटते आणि मग ते आपलं आपण तरंगतं. पेटी-दर्शनात गरुडाचा मान पहिला असे. सप्र्यांनी नकाशा टेबलावर पसरला, पंखाची पहिली बरगडी हळूच उचलली आणि नकाशातल्या तिच्या जागेवर ठेवली.

ती आखूड निघाली.

त्यांनी दुसरी ठेवली. ती लांब होती. तिसरीची कमान भलतीकडेच जात होती. बरगड्या मोजल्या तर आकडा तंतोतंत बरोबर. पट्ट्या मोजल्या, बरोबर. शेपटीचे तुकडे मोजले, तेही बरोबर. सगळं बरोबर होतं आणि काही म्हणता काही बसत नव्हतं. सप्रे खुर्चीवर बसले आणि बऱ्याच वेळाने त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. दर रविवारी तीन पेट्यांतले भाग एकाच चादरीवर ओतले जायचे. पोतनीस आकड्याप्रमाणे मोजून ते परत भरायचे. एवढ्या बरगड्या गरुडाला, एवढ्या पोतनिसांच्या सारसाला, एवढ्या भागवतांच्या चंडोलाला. वर्षानुवर्षं. आकडा कधी चुकला नाही, कारण बघितला जायचा तो फक्त आकडाच. ही बरगडी याच विमानाची आहे का हे बघायचं तर ती नकाशावर ठेवावी लागली असती, आणि ते तिघांपैकी कोणाच्याच खात्याचं काम नव्हतं.

सप्र्यांनी दोघांना तातडीने बोलावून घेतलं. पोतनिसांनी बरगड्या मोजल्या.

"आकडा तर बरोबर आहे यार," ते म्हणाले.

"अरे, आकडा बरोबर आहे रे, पण बरगड्या भलत्याच आहेत! माझ्या तुमच्याकडे गेल्यात आणि तुमच्या माझ्याकडे आल्यात. तुमच्या सगळ्या पेट्या घेऊन या. एकदाच सगळं जमिनीवर ओतू आणि नकाशावर ठेवून ठेवून लावू."

पोतनीस एकदम गंभीर झाले. स्टोअर्समध्ये कोणी न सांगता माल मागायला आलं की ते असेच गंभीर होत असत. "माझा स्टॉक टॅली आहे, नीळकंठ. तो मी नाही विस्कटणार."

"आणि मी ओके केलंय," भागवत म्हणाले. आज त्यांनी वाक्य पूर्ण केलं. "मी एकदा ओके केलेली पेटी परत उघडून चुकीची आहे असं म्हणू? दर रविवारी ओके केलंय मी."

"मग मी बांधू कसं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बांधण्याचा प्रश्न त्यांच्यासमोर इतक्या उघडपणे प्रथमच आला होता, आणि तो त्यांना जरा असभ्य वाटला असावा. पोहे न खाताच दोघे गेले.

त्या संध्याकाळी सप्रे खोलीत दिवा न लावता बसून राहिले. मनोरमाबाई चहा ठेवायला आल्या आणि टेबलावरचा पसारा बघून थांबल्या. सप्र्यांनी सगळी कहाणी सांगितली. निम्मी ऐकेपर्यंत मनोरमाबाईंनी हसू दाबून धरलं, पुढे ते त्यांना दाबवलं नाही. पदर तोंडाला लावून त्या हसल्या, आणि मग नवऱ्याचा चेहरा बघून गप्प झाल्या.

"नकाशावर बरगडीचं चित्र आहे ना? पूर्ण मापाचं?"

"आहे."

"आणि लाकूड?"

"लाकूड काय, कपाटभर आहे. पण ते दुसऱ्या पेट्यांतलं आहे."

"मग त्यातून कापा की. कापड कमी पडलं तर मी ब्लाऊज शिवायची थांबत नाही. दुसरं काहीतरी फाडते."

"त्या पेट्या फोडायच्या?" सप्र्यांना ऐकवेना. "अगं, मग त्या पेट्या कशा राहतील?"

"आत्ता तरी कशा आहेत?" मनोरमाबाई म्हणाल्या आणि दिवा लावून गेल्या.

सप्र्यांनी पहिली पेटी फोडली तेव्हा त्यांना खरोखर वाईट वाटलं. दुसरी फोडताना कमी वाटलं. आठवड्याभरात मागच्या खोलीत लाकडाचा भुसा, कागदाचे कपटे आणि फुटलेल्या पेट्या यांचा असा काही उकिरडा झाला की कामवालीने त्या खोलीत पाय टाकायला नकार दिला. पहिली बरगडी कापताना त्यांनी बोट कापून घेतलं. दुसरी मोडली. तिसरी झाली, पण बिस्किट उंदराने कुरतडावं तशी. चाळीस वर्षं ते लोकांना सांगत आले होते की पात्याला धार असेल तर बाल्सा लोण्यासारखं कापलं जातं. ते तसं कापलं जात नाही. ते दबतं, चिरतं, आणि शेवटच्या क्षणी तंतूच्या दिशेने पळतं. आपण किती लोकांना ही लोण्याची थाप मारली आहे हे आठवून त्यांना एकट्यालाच लाज वाटली.

भिंतीवरचा तक्ता कधीच मागे पडला. एका रात्रीत वाळायला हवा तो पंख वाकडा वाळला, म्हणून तो ओला करून पुस्तकांखाली दाबला. दाबायला नियमावलीची जाड फाइल फार उपयोगी पडली. बोटं एकमेकांना चिकटत. चष्म्यावर लेपाचे डाग. जेवायला हाक मारली तर "आलो" म्हणत आणि येत नसत. एकदा मनोरमाबाई बघायला आल्या तर हा माणूस हातात शेपटीचा सांगाडा धरून उजेडाकडे तोंड करून उभा होता आणि तोंडाने काहीतरी गुणगुणत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे गुणगुणणं त्यांनी यापूर्वी ऐकलेलं नव्हतं. त्या आल्या पावली परत गेल्या.

सप्रे सुखात होते. ही गोष्ट त्यांना स्वतःलाही पटायला वेळ लागला. ज्या कामाची थोरवी ते इतकी वर्षं सांगत होते ते काम खरोखरच थोर होतं, आणि हे त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं.

वर्धापन दिनाला मैदानावर शामियाना होता, लाउडस्पीकर होता, समोसे होते. सप्रे ग्लायडर घेऊन रिक्षातून उतरले तेव्हा सगळे भोवती जमले. त्याला देखणं कोणीच म्हटलं नसतं. एका पंखाचा कागद जरा सुरकुतलेला, शेपटी किंचित तिरकी, आणि नाकात वजन म्हणून कपाटाच्या जुन्या कुलपाचा तुकडा बसवलेला. पेटीवरच्या चित्राशी त्याचं नातं असलंच तर फार लांबचं होतं.

"वा!" पोतनीस सगळ्यांत आधी बोलले. "हेच! हेच म्हणत होतो मी इतकी वर्षं!"

उदयने विमान दोन्ही हातांनी घेतलं, अलगद फिरवून पाहिलं, बरगड्यांवरून बोट फिरवलं. "काका, हे सगळं तुम्ही हाताने कापलं?" त्याच्या आवाजात खरा आदर होता.

ते ग्लायडर उडवायला दोन माणसं लागत. एकाने दोरी घेऊन वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने पळायचं, दुसऱ्याने मागे विमान डोक्यावर धरून उभं राहायचं आणि दोरी ताणली की सोडायचं. पतंगाला छुट्टी देतात तसंच. पोतनीस "मी धरतो" म्हणून पुढे झाले, पण उदय आधीच धरून उभा होता. सप्रे दोरी घेऊन पळाले. या वयात त्याला पळणं म्हणणं हा उदारपणाच, पण ते गेले. विमान वर चढलं, डावीकडे कललं आणि गवतात नाक खुपसून पडलं. शामियान्यातून 'च्च' असा आवाज आला. पंखाचा कागद फाटला होता. सप्र्यांनी खिशातून कागद आणि डिंक काढला, तिथेच मांडी घालून तो चिकटवला, शेपटी बोटाने जरा उलट बाजूला दाबली, आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, "उदय, धर."

या वेळी ते चढलं. दोरी ताणत गेली, ताणत गेली, आणि वर कुठेतरी हलकेच सुटली. मग हातात काहीच उरलं नाही. विमान मैदानावरून एक मोठं, सावकाश, जरासं लंगडं वर्तुळ घेत तरंगलं. आवाज नाही, रिमोट नाही. खालून कोणी काही करू शकत नव्हतं. सप्रे मान वर करून उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुसायलाही त्यांना सुचलं नाही.

उतरल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. उदय शब्दाला जागला. त्याने माईक घेऊन सांगितलं की काका जिंकले, नियम राहील, मुभा संपली. सप्र्यांच्या अंगात तोवर विजय पुरता भिनला होता. त्यांनी माईक हातात घेतला आणि भाषण केलं. भाषणाच्या भरात त्यांनी सांगून टाकलं की पुढच्या वर्षी पोतनीस आणि भागवत हेही आपापली विमानं याच मैदानावर उडवतील. पुन्हा टाळ्या झाल्या. पोतनिसांच्या हातातला समोसा तोंडापर्यंत पोचायचा थांबला.

आठवडा संपायच्या आत दोघांचे राजीनामे आले. पोतनिसांना गुडघ्यामुळे छंद झेपत नव्हता. भागवतांना लेपाच्या वासाची ॲलर्जी निघाली होती, आणि तो वास त्यांनी अजून घेतलेलाच नव्हता. दोघांनी आपापल्या पेट्या मात्र सांभाळून ठेवल्या. रविवारी सकाळी हल्ली ते पोतनिसांकडे जमतात आणि मोजतात, असं मनोरमाबाईंच्या कानावर आलं.

उदय आणि त्याची मंडळी तर नियमाप्रमाणेच गेली. भांडण नाही, टोमणा नाही. सोनागिरीच्या पलीकडे एक मोकळी जागा होती, तिथे त्यांनी आपली रविवारची संध्याकाळ हलवली. नियम राहिला. क्लबही राहिला. क्लबाच्या खोलीची किल्ली सप्र्यांच्या खिशात होती, आणि आता कोणतीही कमिटी त्यांच्या विरोधात जाणार नव्हती, कारण कमिटीत ते एकटेच होते.

रविवारी ते ग्लायडर घेऊन मैदानावर गेले. वारा छान होता. एका हातात विमान आणि दुसऱ्या हातात दोरी घेऊन ते मैदानाच्या मधोमध उभे राहिले. मग त्यांनी विमान गवतात टेकवून पळून बघितलं. विमान मागून फरफटत आलं. पुढच्या रविवारी त्यांनी मनोरमाबाईंना बरोबर नेलं. त्यांनी विमान धरलं, पण दोरी ताणली तसं त्यांनी घाबरून ते आणखीच घट्ट धरलं आणि सोडलंच नाही. "तुटेल हो!" त्या म्हणाल्या. "इतक्या मेहनतीचं आहे!" त्यांचा काही दोष नव्हता. त्यांना ते तुटायला नको होतं. सप्र्यांना आतून असं वाटू लागलं होतं की आपण ही लढाई जिंकायलाच नको होती.

तिसऱ्या रविवारी त्यांनी रिक्षावाल्याला टाउनशिपऐवजी सोनागिरी सांगितलं.

मोकळ्या जागेवर नेहमीसारखा गोंधळ चालला होता. थर्माकोलची विमानं भिरभिरत होती, एक झाडात अडकलं होतं, आणि सगळे त्याच्यावर हसत होते. सप्रे लांब उभे राहिले. काय बोलायचं ते त्यांनी रिक्षात ठरवलं होतं, ते सगळं विसरले. उदयने त्यांना बघितलं आणि धावत आला.

"अरे काका! तुम्ही इथे? आणि नियम?"

"नियम गेला खड्ड्यात," सप्रे म्हणाले. "मला धरायला माणूस नाही रे. जरा धरतोस?"

उदयने विमान घेतलं. सप्रे पळाले. वारा चांगला होता, शेपटी आता सरळ होती, आणि ग्लायडर पहिल्याच दमात वर गेलं. दोरी सुटली. हसणारी मंडळी हळूहळू आपापली विमानं उतरवून वर बघू लागली. विमान सावकाश फिरत राहिलं.

नुकताच येऊ लागलेला एक तरुण सप्र्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला. बँकेत होता, गळ्यात अजून ओळखपत्र लटकत होतं.

"क्या बात है, अंकल. एकदम स्मूद. कहाँ से मँगवाया?"

चाळीस वर्षं सप्रे या प्रश्नाची वाट बघत होते.

"मँगवाया नहीं," ते म्हणाले. "मैंने खुद बनाया है. एक एक पुर्जा, हाथ से."

तरुणाने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या पट्टी बांधलेल्या बोटाकडे पाहिलं, झिजलेल्या चपलांकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी सहानुभूती आली, आणि त्याने सप्र्यांच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला.

"कोई बात नहीं, अंकल," तो म्हणाला. "उड़ तो रहा है ना."

सप्र्यांच्या ओठांवर सगळं भाषण येऊन थांबलं. बांधल्याशिवाय उडवणं म्हणजे काय, हाताला फोड कसे येतात, माणूस कसा घडतो, सगळं. पण ग्लायडर अजून वर होतं, आणि या तरुणाला हे समजवायचं तर खाली बघावं लागलं असतं.